पाषाणाला बांधलेली भिंत

दुष्काळ जाहीर झाला की आमच्या खात्यात सर्वांत आधी आटायची ती निविदा. विहिरी त्यानंतर.

बाहेरच्या वाचकाला हे समजावं म्हणून थोडं सांगतो. सरकारला एखादं काम करून घ्यायचं असेल तर ते जाहीर करावं लागतं. ज्याला ते करायचं असेल तो आपला दर बंद पाकिटात घालून देतो. ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर पाकिटं फोडतात आणि ज्याचा दर कमी त्याला काम मिळतं. यात महिना-दीड महिना सहज जातो. एरवी जायला हरकत नसते, कारण एरवी ते काम पाच-पाच वर्षं कुणाला आठवलेलंही नसतं. पण गावाला प्यायला पाणी नाही, गुरं माना टाकून बसली आहेत, अशा वेळी पाकिटांची वाट बघणं हा शुद्ध मूर्खपणा. म्हणून नियमातच एक खिडकी ठेवलेली आहे: 'तातडीची बाब म्हणून निविदा न मागवता.' नियम चांगला आहे, हे मी आजही म्हणतो. घराला आग लागल्यावर कुणी बादल्यांचे दर मागवत नाही. माझी तक्रार एवढीच, की ही खिडकी उघडली की तिच्यातून आधी पाणी येत नाही. आधी कुणाचा तरी मेव्हणा येतो.

मी त्या काळात वाशीम भागात ओव्हरसियर होतो. तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता, आम्ही सगळे अकोला जिल्ह्यातले. ओव्हरसियर म्हणजे सरकारी बांधकामावरचा सगळ्यात खालचा शिकलेला माणूस. कंत्राटदारानं जे काम केलं ते टेप लावून मोजायचं आणि मोजमापाच्या पुस्तकात लिहायचं. वरचे साहेब त्यावर सही करतात, पुढारी त्यावर भाषण करतात, पण मूळ आकडा ओव्हरसियरचा असतो. त्यामुळे पगार थोडा असला तरी चहा पाजणारे पुष्कळ असतात. मी चहा पीत असे. त्यानं आकडा हलत नाही, हे कंत्राटदारांच्या लक्षात यायला साधारण तीन चहा लागत.

बाहत्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात तातडीची व्याख्या फार सैल झाली. विहिरींसाठी तातडीनं दोर खरेदी केले. सगळे एकाच मापाचे आले. विहिरींना मात्र एकाच मापानं आटण्याचा आदेश कुणी दिलेला नव्हता, त्यामुळे निम्म्या गावांत बादली पाण्याच्या वर लोंबकळत राहिली. खडी फोडणाऱ्या बायांना सावली हवी म्हणून तातडीनं ताट्यांचे मांडव मंजूर झाले, ते पहिला पाऊस पडून गेल्यावर पोचले. बायांनी त्याचं सरपण केलं. विश्रामगृहाला रंगसुद्धा तातडीनं लागला, कारण दुष्काळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांना पोपडे दिसू नयेत. या गोष्टींचं मला हसू यायचं. पण त्याच वर्षी एका विहिरीवर माझं हसू थांबलं. तिची हकीकत सांगायला मी लिहायला बसलो आहे.

शेलूबाजारहून बैलगाडीच्या रस्त्यानं आत गेलं की एक गाव लागतं. नाव सांगत नाही; तिथल्या लोकांनी मला चांगलं वागवलं आहे. गावात प्यायच्या पाण्याची विहीर एकच, आणि ती कोरडी पडलेली. टँकर एक दिवसाआड यायचा. विहीर खोल करून बांधून काढायचं काम निघालं आणि ते निविदा न मागवता गुलाबरावांना मिळालं. गुलाबराव म्हणजे आमच्या पंचायत समितीच्या सभापतींचे मेव्हणे. त्याआधी ते बाजारात बैलांचा व्यापार करत. उंच, गोरे, हसतमुख, पांढऱ्या सदऱ्याला सोन्याची बटणं. माणूस इतका गोड की त्याच्यावर रागावायला मेहनत पडे.

इथं विहिरीचं शास्त्र थोडक्यात सांगावं लागेल. आमच्याकडं वर माती, तिच्याखाली पिवळा मुरूम आणि त्याच्याखाली काळा पाषाण. मुरूम कुदळीनं निघतो, पाषाणाला सुरुंग लागतो. म्हणून पाषाणाच्या खोदाईचा दर मुरमाच्या कितीतरी पट. साहजिकच दुष्काळात कागदावर मुरूम सापडणं दुर्मिळ होई. जिकडं खणावं तिकडं पाषाण. दुसरी गोष्ट, मुरूम ढासळतो म्हणून त्याला आतून दगडी भिंत बांधतात. पाषाण स्वतःच उभा राहतो, त्याला भिंत लागत नाही. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: पाण्याचा झिरा बहुधा मुरूम संपतो आणि पाषाण सुरू होतो त्या सांध्यात असतो. म्हणून तिथली भिंत कोरड्या दगडांची रचतात, नाहीतर तिच्यात भोकं ठेवतात, म्हणजे पाणी आत येतं.

खोदाई संपत आली तेव्हा मी त्या विहिरीत उतरलो होतो. दोराला बांधलेल्या फळीवर बसून खाली जायचं, डोळे मिटायचे नाहीत. चारही बाजूंनी पिवळा मुरूम, जवळजवळ तळापर्यंत. तळाशी हातभर पाषाण. आणि उगवतीच्या बाजूला, त्या सांध्यात, बोटाएवढी धार. खोदणाऱ्या वडार मंडळींचा नाईक यल्लप्पा तिथं ओंजळ धरून उभा होता.

"लागलं सायेब," तो म्हणाला. वर आलो तर गावानं गूळ वाटायला घेतला होता. सुभद्राबाई म्हणून एक पन्नाशीच्या बाई होत्या, विहिरीला लागूनच त्यांचं घर. त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, "खा बापा. सरकारनं पह्यल्यांदाच गोड केलं तोंड."

आमच्यात एक नियम आहे: जे काम पुढं झाकलं जाणार, ते झाकण्याआधी मोजायचं. तळ साफ झाला की येऊन मोजतो, तोवर बांधकामाला हात लावू नका, असं गुलाबरावांना सांगून मी मेडशीकडच्या पाझर तलावावर गेलो. परत आलो तेव्हा विहीर काठापासून तळापर्यंत बांधून तयार होती. सिमेंटात. गुळगुळीत. एक फट नाही, एक भोक नाही.

"इतकी घाई का केली गुलाबराव?" मी विचारलं.

"तातडी होती ना सायेब. आदेशातच लिहून हाय, तातडी." ते हसले. "अन् आता अंदर काय होतं ते तर कोनालेच दिसत नाई. पाषानच लिहा ना. पूर्रा पाषान."

"मी उतरलो होतो आत. मुरूम होता."

"सायेब, म्या इतके वर्स बैल इकले. कधी खोटं बोललो नाई. कारन बैलाचं तोंड उघडून लोक दात पाह्यतेत. इहिरीचं तोंड कोन उघडते?"

मी त्यांना विचारलं, की आत पाषाण होता तर त्याला भिंत कशाला बांधली? उभ्या पाषाणाला आधार देणारे तुम्ही पहिलेच. गुलाबरावांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थबकलं. पाषाणाची खोदाई आणि मुरमाची भिंत, दोन्हींचे पैसे एकाच बिलात लावताना ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. बैलांच्या व्यापारात अशी अडचण येत नाही.

मी आकडा लिहिला नाही. पण त्याआधीच जलपूजनाची तारीख ठरली होती. मुंबईहून मोठे पाहुणे दुष्काळी दौऱ्यावर येणार होते आणि त्यांना दाखवायला एक तरी भरलेली विहीर हवी होती. कमान उभी राहिली, झेंडूच्या माळा लागल्या. दुष्काळात झेंडू कुठून आणला हे मला आजवर कळलेलं नाही. लाऊडस्पीकर आला, संगमरवरी पाटी आली. आणि पूजनाच्या दिवशी सकाळी दोन टँकर आले, आणि गावातल्या बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या असताना ते विहिरीत रिकामे होऊ लागले.

सुभद्राबाई पुढं झाल्या. "काहून रे बावा, इहिरीले तहान लागली काय? आमच्या हंड्यात टाक ना!"

"वरून ऑर्डर हाय मावशी," ड्रायव्हर म्हणाला.

"वरून पानी येते म्हनून आयकलं होतं. ऑर्डरबी वरूनच येते काय?"

पाहुणे आले, त्यांनी नारळ फोडला, विहिरीत डोकावले आणि "वा!" म्हणाले. मग भाषणात या गावाची तहान कायमची मिटली असं जाहीर केलं. टाळ्या पहिल्या दोन रांगांत वाजल्या; त्या रांगा जीपमधून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पूजेचं पाणी गावानं उपसून संपवलं, आणि खाली कोरडा पाषाण दिसू लागला.

इथवर हा नेहमीचा तमाशा होता. खरा घात पुढं झाला. गावाला कायमचं पाणी मिळालं असं पाहुण्यांनीच सांगितल्यामुळे कार्यालयानं ते गाव टँकरच्या यादीतून वगळलं. म्हणजे विहिरीत पाणी नाही आणि टँकरही नाही. बाया नाल्याच्या वाळूत खड्डे करून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. नाला लांब, उन्हाळा अजून निम्मा बाकी, आणि त्या खड्ड्यांतल्या पाण्यानं पोरांना हगवण लागलेली. दोन घरं शेलूबाजारला नातेवाइकांकडं निघून गेली. बाकीचे म्हणत होते, आणखी आठवडाभर बघू, नाहीतर गाव सोडू.

मी गेलो तेव्हा पारावर चर्चा चालली होती. पाहुण्यांनी पायात बूट ठेवून पूजा केली म्हणून पाणी रुसलं, असं सगळ्यांचं मत पडलं होतं. एक म्हातारबा मला म्हणाले, "त्याईले परत बलवा अन् बूट काढून मापी मांगाले लावा."

"बूट नाही काका, भिंत," मी म्हणालो. "पाणी आहे. भिंतीमागं कोंडलंय."

"मंग काढा ना भाईर! वाट कोनाची पाहून राह्यले?"

वाट साहेबांची होती. साहेब म्हणजे आमचे उपअभियंता. शिकलेले, सभ्य, इंग्रजी मसुदा असा लिहीत की वाचताना दुष्काळ सुसह्य वाटे. बढती अगदी उंबऱ्यावर आली होती आणि ते तिला आवाजानंही दचकवू इच्छीत नव्हते. मी त्यांना सांगितलं, की भिंतीला उगवतीच्या बाजूनं तळाशी भोक पाडावं लागेल.

"पूजन झालेली विहीर फोडायची?" ते म्हणाले. "पाटी लागलीय तिला. उद्या वर्तमानपत्रात काय येईल?"

"पाणी येईल, साहेब."

"तुम्ही प्रस्ताव पाठवा. दुरुस्तीचं अंदाजपत्रक करा. मंजुरी आली की रीतसर निविदा काढू."

"निविदा? बांधताना निविदा नव्हती."

"तेव्हा तातडी होती," साहेब म्हणाले. आणि हे बोलताना ते अजिबात हसले नाहीत.

मला ते वाक्य फार उपयोगी पडलं. घरी येऊन मी तातडीचा नियम शेवटपर्यंत वाचला. कंत्राटदार आणि पुढारी तो पहिल्या ओळीपर्यंतच वाचतात. खाली एक पोटकलम होतं: एखाद्या बांधकामामुळे लोकांच्या जिवाला धोका उत्पन्न झाल्यास जागेवर हजर असलेल्या कर्मचाऱ्यानं मंजुरीची वाट न बघता उपाय करावा आणि मागून कळवावं. धोका तर होताच, तो मला कल्पनेतून आणावा लागला नाही. भोकं न ठेवलेल्या भिंतीमागं पाणी साचत राहिलं की एक दिवस भिंत आत कोसळते, आणि त्या वेळी खाली जे कुणी गाळ उपसत असेल त्याच्यासकट. गावातली पोरं तळात उतरून ओल खरवडत होती. मी एका कागदावर तसं लिहिलं, खाली सही केली आणि यल्लप्पाला बोलावणं धाडलं. निविदा न मागवता.

यल्लप्पानं कागद उलटा-सुलटा बघितला. "सायेब, बांधा म्हनून लई कागद आले. फोडा म्हनून पयलाच."

"फोडशील?"

"मीच खोदली की. कुठं मारायचं ते हाताला ठाव हाय."

सकाळी काम सुरू झालं. मी काठावर पालथा पडून बघत होतो. छिन्नीचे घाव वर येईपर्यंत टाळ वाजल्यासारखे होत. सगळं गाव भोवती जमलेलं. पहिला दगड निघाला, मागं ओलं दिसलं. दुसरा निघाला आणि यल्लप्पा ओरडला, "दोर वढा!" त्याला वर घेईपर्यंत तिसरा दगड आपोआप सुटून पडला आणि मागून पाणी आलं. स्वच्छ वगैरे नव्हतं. पिवळंधमक, मुरमाचा राडा घेऊन, दबून राहिलेल्या आवेशानं. बाया हसायला लागल्या. एक-दोघी रडतही होत्या, पण आमच्याकडं ते ओरडूनच करतात, त्यामुळे फरक चटकन कळत नाही.

तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली आणि गुलाबराव उतरले.

"काय करून राह्यले सायेब! सरकारी इहीर फोडून राह्यले! नोकरी जाईन तुमची!"

यल्लप्पाच्या माणसांनी नेमकी तेव्हाच खालून पहिली बादली वर ओढली आणि ती गुलाबरावांच्या पायापाशी ओतली. पिवळा, मऊ, कालवलेल्या पिठासारखा मुरूम त्यांच्या चपलांवर पसरला. सगळ्यांनी तो बघितला. गुलाबरावांनीही बघितला.

"गुलाबराव," सुभद्राबाई म्हणाल्या, "तुमचा पाषान लय नरम निंगाला हो!"

असं हसू मी कुठल्याही सभेत ऐकलेलं नाही. गुलाबराव क्षणभर उभे राहिले, आणि खरं सांगायचं तर तेही थोडे हसले. मग मला म्हणाले, "लिहा बापा काय लिहाचं ते," आणि जीपमध्ये बसले. मी मुरूम लिहिला. गावानं सह्या आणि अंगठे दिले. त्या बिलापुरता पाषाण संपला.

त्या बिलापुरताच. याची मला खंत आहे, आणि ती मी लपवत नाही. पुढच्याच पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा, म्हणजे गाड्या जायचा बुटका पूल, वाहून गेला आणि तो तातडीनं बांधण्याचं काम गुलाबरावांना मिळालं. मी तोवर दुसऱ्या तालुक्यात बदलून गेलो होतो. साहेबांना बढती मिळाली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कडवटपणा नाही. घाबरट माणसं दुष्काळातही घाबरटच राहतात, त्यांच्याकडून अपेक्षा करणारा चुकतो.

मला मात्र नोटीस मिळाली. त्या वर्षी आमच्या भागात निविदेशिवाय कितीतरी कामं दिली गेली. दोर, मांडव, रंग, टँकर, विहिरी. त्या सगळ्यांत खुलासा एकाच माणसाला विचारला गेला. नोटिशीत लिहिलं होतं, 'सदर विहिरीचे बांधकाम पाडण्याचे काम आपण निविदा न मागवता यल्लप्पा नामक इसमास का दिले?' मी ती नोटीस बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "निदान तुमच्या खात्यात कुणाला तरी निविदा हा शब्द आठवतोय." शेवटी मला लेखी ताकीद मिळाली. आयुष्यात मला मानपत्रं कमी मिळाली, पण ही ताकीद मी त्यांतच धरतो.

ताकीद मिळण्याआधी चौकशी झाली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक वयस्कर अधिकारी आले. मला बरोबर घेऊन ते गावात पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. विहिरीवर रहाट चालू होता, हंड्यांची गर्दी होती, आणि संगमरवरी पाटीवर कुणीतरी ओली घोंगडी वाळत टाकली होती. अधिकाऱ्यांनी आधी पाणी मागितलं. सुभद्राबाईंनी तांब्या आणून दिला. त्यांनी तो पूर्ण रिकामा केला, तोंड पुसलं, आणि मग चौकशी सुरू केली.

"बाई, ही भिंत फोडा अशी मागणी गावानं केली होती का?"

"नाई सायेब."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पेन उघडलं. "मागणी नव्हती. मग गावाची मागणी नेमकी काय होती?"

"पान्याची," सुभद्राबाई म्हणाल्या आणि रिकामा तांब्या त्यांच्या हातातून घेतला. "भिंत आमी कधी मांगतलीच नव्हती. ते तर तुमीच देल्ली."